राजेश्वरीच्या साडीचा काठ

नणंद राजेश्वरीच्या लग्नाच्या साडीला हातानं विणलेला काठ आपण लावून देऊ, असं शिवकांता भर बैठकीत बोलून बसली आणि तिच्या जिवाला घोर लागला. माहेरी सोलापुरात एका मिशनच्या बाईंनी तिला ही लेस शिकवली होती. पण तिथं वीतभर फुलं केलेली. इथं अख्खी साडी होती.

लोडावर नक्षीच्या भोकांचा कागद लावायचा, भोकाभोकात टाचणी रोवायची आणि काड्यांवरचे दोरे टाचण्यांभोवती गुंफत जायचं. लोड फिरेल तसा पुढचा कागद आधीच्याला जोडून सरळ टाचायचा. तेवढं सांभाळलं की झालं. शिवकांता रोज कागद नीट टाचून स्वयंपाकाला जाई आणि परत येऊन विणायला बसे. हातापुढचं तेवढंच दिसत असल्यानं ती खुशीत होती.

लग्न तोंडावर आलं तेव्हा तिनं टाचण्या काढून झालेला काठ फरशीवर पसरला. काठ आधी डावीकडं गेला होता, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं. तिला रडूच कोसळलं. आपली नजरच बिघडली असं धरून तिनं नळदुर्गला जाऊन चष्मा केला. पुढचा हातभर काठ चष्म्यानिशी वाकडा झाला.

मग मात्र तिला शंका आली. कागद टाचून ती दाराआड उभी राहिली. सासूबाई, जगदेवी, हळूच आल्या, दोन टाचण्या उपटल्या आणि कागद जरा तिरका करून पुन्हा टोचला.

"आत्या, हे काय करताव?"

"मदत की गं. रोज वाकडं लावून जातीस. म्या उंबऱ्याच्या सरळीत आणून ठिवते."

आतून नवरा आला. "उंबऱ्याच्या?" शिवशरण म्हणाला. "म्या तर रोज भिंतीला धरून नीट करतोय."

शिवकांतानं दोरा ताणून बघितला. समोरची भिंत उंबऱ्यापासून एका कोपऱ्यात दुसऱ्यापेक्षा वीतभर जास्त लांब होती. घर गेल्या वर्षी शिवशरणनं स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं, ऐकत नाहीत म्हणून दोन गवंडी हाकलूनही दिले होते. तो खाली बसला.

तेवढ्यात राजेश्वरी आली. काठ लपवायला वेळच मिळाला नाही. "चालत्या बैलानं मुतल्यावानी झालाय," जगदेवी खेदानं म्हणाल्या. राजेश्वरीनं तो उचलून साडीला लावून पाहिला.

"वहिनी, लई भारी लाटा काढल्याव," राजेश्वरी म्हणाली. "असला काठ म्या कुठंच बघितला न्हाय."

लग्नात वरमाईनंही पदर हातात घेऊन निरखला. धाकट्या लेकीसाठी असाच पाहिजे, तुमच्या सुनेला महिनाभर आमच्याकडं पाठवा, असं ती म्हणू लागली.

जगदेवी पुढं सरकल्या. "तुमच्याकडं न्हाय जमायचं ते. त्याला आमच्याच घराचं बांधकाम लागतंय."

शिवशरणनं टोपी नीट केली आणि घर कुणी बांधलं हे वरमाईला विस्तारानं सांगायला घेतलं.