डावीकडचा शेवट

परंदवडीच्या देवळात प्रेरणाने पडदा बांधला, तेव्हा सगळ्यांत आधी दत्तोबा येऊन बसले. पडद्यावर तेच दिसणार होते. तळेगावच्या प्रेरणाच्या या सिनेमाचा शेवट गावाने ठरवायचा होता. गोष्ट ऐन रंगात थांबणार, लोकांनी डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकायचं, कॅमेरा डोकी मोजणार आणि जास्त डोकी असतील तिकडचा शेवट लागणार. उजवीकडे म्हातारा रागाने घर सोडतो, डावीकडे बायकोपुढे चूक कबूल करतो.

"आबा, कबुलीत मनात येईल ते बोला," असं प्रेरणा चित्रीकरणाच्या वेळी म्हणाली होती आणि दत्तोबा भाबडेपणाने खरं तेच बोलून बसले होते. बायकोची, झुंबरबाईंची, लाडकी शेळी त्यांनी गुपचूप विकून बिबट्यावर ढकललं होतं. त्या बिबट्यापायी वेशीवर सावधानतेची पाटी लागली होती आणि झुंबरबाई अंधार पडला की काठीशिवाय बाहेर पडत नव्हत्या. आजही काठी घेऊनच आल्या होत्या.

प्रेरणाच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. या देवळात बाया डावीकडे बसतात, बाप्ये उजवीकडे. त्यामुळे सिनेमा थांबला तरी कुणी जागचं हललं नाही. कबुली लागू नये म्हणून दत्तोबांनी टपरीवरचे, पारावरचे झाडून सगळे बाप्ये आधीच आणून बसवले होते, त्यामुळे उजवी बाजू थोडी पुढे होती.

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. एक डोकं आणखी वाढावं म्हणून त्यांनी बायकोला खुणावलं.

"अगं, हिकडं ये. माझ्याशेजारी बस."

इतक्या वर्षांच्या संसारात असं बोलावणं पहिल्यांदाच आलेलं. झुंबरबाई लाजत उठल्या. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, त्यामुळे मागोमाग सगळ्या बाया उठल्या. ते पाहून बाप्ये घाईघाईने डावीकडे पळाले. दत्तोबांनी पुतण्याचा सदरा धरून ठेवला.

"कैलास, बस की रं जाग्यावर."

"बायकांत? न्हाई बा," म्हणत कैलासही सटकला.

गाव एवढं सहभागी झालेलं पाहून प्रेरणाला अगदी भरून आलं. डावी बाजू जिंकली.

पडद्यावरचे दत्तोबा डोळे पुसत म्हणाले, "झुंबरे, बिबट्या काय आला न्हवता. तुजी शेळी मीच इकली."

बायांच्या घोळक्यात दत्तोबा एकटेच उरले होते. झुंबरबाईंनी काठी हळूच जवळ ओढली.

"तरीच म्हनलं," त्या म्हणाल्या, "तीन वर्सं काठी घिऊन हिंडतीया, बिबट्या कुटं दिसत कसा न्हाई. घरातच व्हता व्हय."