पाच कोपऱ्यांची हिरवळ

घरात कोणतीही वस्तू कुठेही ठेवा, बाबांच्या मते ती एक बोटभर तरी चुकलेली असायची. सुनेने दोरीवर टॉवेल वाळत घातला की ते तो उतरवून, झटकून पुन्हा त्याच जागी घालत. टेबलावर बशी ठेवली की म्हणत, "जरा डावीकडे." डावीकडे सरकवली की, "फार नको." त्यात रागाचा लवलेश नसे. शहराच्या बागांचे मुख्य माळी म्हणून त्यांची उभी हयात रोपं जरा डावीकडे आणि कुंड्या जरा उजवीकडे करण्यात गेली होती. निवृत्तीनंतर रोपं गेली, कुंड्या गेल्या, सवय मात्र त्यांच्याबरोबर घरी आली आणि सुनेच्या वाट्याला आली.

मुलगी शाळेत जायला लागली तशी सुनेने नगर कार्यालयात नोकरी धरली. घरी बसून गंज चढतो, असं तिने नवऱ्याला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. दिवसातले काही तास तरी 'जरा डावीकडे' हे शब्द कानावर पडू नयेत, एवढीच तिची माफक इच्छा होती, आणि ती पूर्ण झाली होती. कार्यालयातलं तिचं टेबल, तिची खुर्ची, तिचा पाण्याचा पेला जिथे ठेवावा तिथे राही. तो पेला बघून तिला कधी कधी भरून यायचं.

तिचं काम संगणकावर शहराचा नकाशा सांभाळण्याचं. नकाशातलं तळं काय, रस्ता काय, बाग काय, सगळे ठिपक्याला ठिपका जोडून काढलेले आकार. एखादा ठिपका माउसने धरून ओढला की आकार बदलतो. कार्यालयात तिला सगळे नकाशाबाई म्हणत. घरी मात्र तिने 'कॉम्प्युटरवर बसायचं काम असतं' एवढंच सांगितलं होतं. बाबांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं की ती पत्रं टाइप करते. तिनेही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. शहरातल्या समस्त बागा आपल्या सुनेच्या माउसखाली आहेत हे त्यांना कळलं असतं, तर रात्रीचं जेवण कुणाला गोड लागलं नसतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एक दिवस साहेबांचा नकाशा उघडेना. वरिष्ठांच्या बैठकीत त्यांनी मोठ्या तोऱ्यात फोन काढला, तर त्यावर एक चक्र फिरत राहिलं. वरिष्ठ चहा पिऊन निघून गेले तरी चक्र फिरतच होतं. साहेब तडक नकाशाबाईंच्या टेबलाशी आले.

"बाई, तुमचा नकाशा फार जड झालाय. हलका करा."

"साहेब, त्यासाठी आकार सोपे करावे लागतील. जास्तीचे ठिपके काढून टाकायचे."

"मग काढा ना! मुळात एवढे घातलेत कशाला?"

या कामाची सोय त्या सॉफ्टवेअरमध्येच होती. आकार मूळ रेषेपासून किती ढळलेला चालेल तेवढं सांगायचं, बाकी ते आपलं आपण करतं. नकाशाबाईंनी अर्धा मीटर ठरवला आणि शून्य, टिंब, पाच अशी बटणं दाबली. त्या कीबोर्डात आधीच्या कर्मचाऱ्याने बरीच वर्षं बिस्किटं सांडली होती. त्यामुळे टिंबाचं बटण मनात आलं तर चालायचं. नेमकं त्या वेळी त्याच्या मनात नव्हतं. पडद्यावर शून्य आणि पाच शेजारी शेजारी उभे राहिले. संगणकाने शून्याकडे दुर्लक्ष केलं आणि पाच मीटर इकडेतिकडे झालेलं चालेल असा अर्थ घेतला. बाई नीट बघणार, तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "झालं का?" आणि बाई "झालं" म्हणून बसल्या. साहेबांच्या फोनवर नकाशा डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला. साहेब खूश झाले.

इथे साहेबांच्या एका लाडक्या नियमाबद्दल सांगायला हवं. 'जसा नकाशा तसं शहर' हा तो नियम. रस्त्यावर पट्टे मारणारे असोत की गवत कापणारे, प्रत्येकाच्या हातातल्या टॅबवर ताजा नकाशा आपोआप उतरत असे, आणि काम त्याबरहुकूम झालं नाही तर साहेब माणसाला उभं आडवं घेत. सगळ्यांनी डोकं चालवणं केव्हाच सोडून दिलं होतं. पट्टे मारणाऱ्यांनी वळणावरचा पांढरा पट्टा वळवलाच नाही, तो सरळ पदपथावर चढवून न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीपर्यंत नेला. चौकातला गोल चौकोनी रंगवला. आणि वाचनालयासमोरच्या गोल हिरवळीपाशी बागेचा मुकादम कात्रीवाले घेऊन उभा राहिला, टॅबकडे बघून त्याने एक जांभई दिली आणि म्हणाला, "पाच कोपरे. चला, लागा कामाला."

ही हिरवळ बाबांनी ऐन उमेदीत स्वतःच्या हातांनी लावलेली. निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी तिला एक फेरी मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. त्या संध्याकाळी ते फेरीवरून परतले ते चपलांसकट स्वयंपाकघरात आले.

"पाच कोपरे!" ते म्हणाले.

"कशाला?" सुनेने विचारलं.

"माझ्या हिरवळीला! अगं, हिरवळीला कोपरे असतात का? ती काय फरशी आहे? परातीसारखी गोल ठेवली होती मी. मुकादमाला विचारलं, तर म्हणतो नकाशात तसंच आहे. कुठल्या गाढवाने काढला हा नकाशा?"

सुनेच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. शून्य, टिंब, पाच तिच्या डोळ्यांपुढून क्रमाने गेले, आणि टिंबापाशी तिला घाम फुटला. "असेल कोणीतरी," ती कशीबशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात पोचल्या पोचल्या तिने नकाशाची जुनी प्रत काढली आणि सगळे आकार होते तसे परत आणले. तळं वळलं, रस्ता वळला, न्हाव्याची पायरी मोकळी झाली. मग टिंब उमटल्याची खात्री करून तिने नकाशा पुन्हा अर्ध्याच मीटरने हलका केला. साहेबांना तिने "जरा तांत्रिक दुरुस्ती आहे" असं सांगितलं. तांत्रिक म्हटलं की साहेब पुढे विचारत नसत. हिरवळीचा जुना आकार पडद्यावर आला, तेव्हा मात्र ती थबकली. तो गोल नव्हता. वाचनालयाच्या बाजूला फुगलेला, बाकाच्या बाजूला दबलेला, स्वच्छ बटाटा होता. विमानातून घेतलेलं जुनं छायाचित्र तिने खाली लावून पाहिलं. तिथेही बटाटाच.

तिच्या मनात आलं, बाबा निवृत्त झाल्यावर हयगय झाली असणार. कापणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वेडंवाकडं कापून बिचाऱ्यांच्या परातीचा बटाटा केला, आणि दृष्टी अधू झाल्याने ते बाबांच्या लक्षात आलं नाही. तिला एकदम त्यांची माया आली. नाहीतरी दुरुस्ती करतेच आहे, तर म्हाताऱ्याला त्याची हिरवळ अस्सल गोल करून द्यावी. सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ काढायची सोय होती. मधे टिचकी मारली, बाहेर ओढलं, सोडलं. असं निर्दोष वर्तुळ, की त्याच्याकडे बघत तिने घोटभर पाणी प्यायलं आणि पेला तिला वाटला तिथे ठेवला.

मुकादमाचा फोन आला. "बाई, काल कोपरे करा म्हणालात, आज मोडा म्हणता. गवत म्हणजे काय दाढी आहे का, रोज करायला?"

"नकाशात काय दिसतंय?"

"गोल."

"मग झालं तर."

मुकादमाने तयार हिरवळीच्या गुंडाळ्या आणल्या, कमी होतं तिथे पसरल्या, जास्त होतं तिथे कापलं. संध्याकाळपर्यंत हिरवळ गोल झाली. सून त्या दिवशी मुद्दाम लवकर घरी आली आणि बाबांची वाट बघत बसली. ते आले आणि टेबलाशी बसले. पुढ्यातल्या चहावर साय धरली.

"काय झालं बाबा? केली ना त्यांनी परत गोल?"

"कोण म्हणतं गोल?"

"म्हणजे... बघणारे म्हणत असतील."

"बघणाऱ्यांचे डोळे फुटलेत. एका बाजूने खपाटीला गेलीय, दुसऱ्या बाजूला सूज आलीय. माझा सगळा जन्म गेला गोल बघण्यात, मला कोणी गोल शिकवू नये!" त्यांनी कप बाजूला सारला. "उद्या जातो कार्यालयात. त्या नकाशावाल्याला माझ्यासमोर उभा करा म्हणणार. बघतोच कोण गाढव आहे ते."

"जा की," नवरा वर्तमानपत्रातून म्हणाला. "ही तिथेच तर असते, हिला विचारा—" इथे सुनेने टेबलाखालून त्याच्या पायावर टाच रोवली आणि त्याचं वाक्य तिथेच संपलं.

तिला झोप लागली नाही. गाढव म्हणवून घ्यायला तिची हरकत नव्हती, घरात तेवढं चालतं. पण एकदा का बाबांना कळलं की नकाशा सुनेच्या हातात आहे, तर तिचा दिवसाचा शांत तुकडा संपला. रोज ताटावर बसून तळी, रस्ते आणि झाडं जरा डावीकडे घ्यावी लागणार. सुट्टी घ्यावी, तर साहेब बाबांना तिचं नाव सांगून मोकळे होणार. शेवटी ती गेली, आणि संगणकाच्या पडद्याआड जेवढं मावता येईल तेवढी मावून बसली.

बाबा आले ते इस्त्रीचा सदरा घालून. साहेबांच्या दालनातून त्यांचा आवाज मजलाभर ऐकू येत होता. 'गाढव' हा शब्द तीनदा आला, 'बेअक्कल' एकदा. मग दार उघडलं आणि साहेब त्यांना घेऊन थेट तिच्या टेबलाशी आले.

"ह्या आमच्या नकाशाबाई. बोला आजोबा, यांनाच काय ते बोला."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने कीबोर्डकडे पाहिलं. सकाळपासून घोकून आणलेलं भाषण बाबांच्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं.

"नमस्कार, बाई," ते म्हणाले. लग्न होऊन ती घरात आल्यापासून 'अगं' पलीकडे त्यांनी तिला काही म्हटलं नव्हतं.

"नमस्कार. बसा ना."

"तुम्ही काढता होय हे नकाशे?"

"हो."

"घरी माहीत आहे?"

"घरी कोणी विचारलं नाही कधी."

साहेबांना यातलं काही उमगलं नाही. "अहो आजोबा, ते पाच कोपरे! कुणी केले ते विचारायचं होतं ना तुम्हाला?"

"बाई कशाला करतील?" बाबा शांतपणे म्हणाले. "चांगल्या घरच्या दिसतात. यंत्र आहे, यंत्राचं काय सांगावं."

"पण मघाशी तुम्ही गाढव म्हणालात ते?"

"ते यंत्राला."

सुनेला रडू येईल की हसू, तिचं तिलाच कळेना. तिने मुकाट्याने हिरवळ पडद्यावर आणली. बाबा स्टूल ओढून शेजारी बसले, चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट टेकवलं. "हा ठिपका जरा बाहेर घ्या. अजून. फार नको. आता हा, बाकापाशीचा, आत. हं. ह्याला जरा डावीकडे."

ती ठिपके ओढत गेली. बाबा डोळे बारीक करून सांगत गेले. एका बाजूला पोट सुटलं, दुसरी बाजू बसली. त्यांनी "बस!" म्हटलं, तेव्हा तिने सहज जुनी प्रत खाली लावून पाहिली. रेषेवर रेषा बसली होती, केसाचा फरक नव्हता. कापणाऱ्यांचा काहीच दोष नव्हता. ती हिरवळ जन्मतःच बटाटा होती.

"झाली गोल," बाबा म्हणाले.

"ही?" साहेब पुढे वाकले. बाबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "नाही, म्हणजे... गोलच म्हणायची," साहेब म्हणाले.

प्रकरण इथे मिटायचं, पण सुटकेच्या आनंदात साहेबांनी पडद्यावरच्या तळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "याच्याबद्दल काय मत आहे, आजोबा?"

बाबांनी तळ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तिरकं काढलंय."

"आणि हे उद्यान?"

"हे तर मुळातच चुकलंय."

साहेबांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं नकाशा बरोबर आहे की नाही हे सांगणारा माणूस त्यांना मिळत नव्हता, आणि चुकला तर त्याच्याकडे बोट दाखवता येईल असा तर नव्हताच. "आजोबा, अशी जाणती माणसं हवीत हो आम्हाला! मानद सल्लागार म्हणून याल का? रोज, बाईंच्या शेजारी बसायचं."

"साहेब," सून घाईघाईने म्हणाली, "त्यांचं वय झालंय. दोन जिने चढायचे म्हणजे—"

"मला जिने चालतात, बाई," बाबा म्हणाले आणि तिचा पाण्याचा पेला उचलून जरा डावीकडे ठेवला.

दोघं चालत घरी निघाली. बाबांनी आज आपली लाज राखली, हे तिला मनापासून कळत होतं. त्यांचे पाय धरावेत असंही वाटत होतं आणि त्याच वेळी हमसून हमसून रडावंसंही. शेवटी ती म्हणाली, "बाबा, मी सांगायला हवं होतं तुम्हाला."

"पत्रं टाइप करतेस असं वाटायचं मला," बाबा म्हणाले. "हे बरंय. यात निदान आपल्याला काही कळतं."

दुसऱ्या दिवशी ती डबा भरून बाहेर येते तर बाबा दारात तयार. इस्त्रीचा सदरा, पुसलेले बूट, खांद्याला पाण्याची बाटली.

"किती उशीर?"

"अजून वेळ आहे, बाबा."

"आणि हे बघ, बाबा म्हणायचं ते घरात. तिथे सर म्हण." त्यांनी मागेपुढे बघून आवाज खाली आणला. "ओळख दाखवायची नाही, काय? नाहीतर लोक म्हणायचे, सासऱ्याच्या वशिल्याने लागली."