शालिकनानांची लाल पट्टी

शालिकनाना नव्या माणसाचं नाव विचारत नाहीत, खुंट विचारतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सुनेला त्यांनी दारातच गाठलं, "बाई, तुमी कोण्या खुंटावरच्या?" आमची वैशाली अकोल्याची. तिने तसं सांगताच नाना दोन पावलं मागे सरकले. "अकोला? अबाबा! तिथं कलम जळते," म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले. वैशालीने तो अपमान बरेच दिवस मनात ठेवला होता.

अमरावतीच्या टोकाला, बडनेऱ्याच्या रस्त्यावर, नानांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. तिच्या कुंपणाला लागून आमचं घर. आधी जंभेरी नावाचं काटेरी लिंबू वाढवायचं, तो खुंट. त्याच्या सालीत चिरा देऊन संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, बसवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचा. डोळा जगला की जंभेरी वरून छाटतात. तरी ती कधीकधी सांध्याच्या खालून फुटतेच, काट्यांसकट. जन्मभर हेच काम केल्यामुळे नानांना माणसंही तशीच दिसतात. टीव्हीवर एखादा पुढारी ओरडू लागला की म्हणतात, "पाहा, खालून जंभेरी फुटली." मी भाजीवाल्याशी हुज्जत घालायला लागलो की कुंपणापलीकडून आवाज येतो, "भाऊ, जंभेरी सांभाळा." आणि माझ्या गुडघ्यांकडे निरखून पाहतात. माझा सांधा तिथेच कुठेतरी आहे असा त्यांचा समज असावा.

पण नानांना खरं झपाटलं ते आमच्या जुळ्यांनी. राघव आणि माधव, पाच वर्षांचे. दोघं इतके सारखे की आईशिवाय कोणाला ओळखू येत नाहीत, आणि आई सकाळच्या गाडीने अकोल्याला नोकरीवर जाते. मुलगा सेमाडोहला वनखात्यात, आठवड्यातून एकदा येतो. म्हणजे दिवसभर पोरं माझ्या ताब्यात. माझी ओळखायची पद्धत सोपी होती. ज्याने मारलं तो माधव, जो रडतोय तो राघव.

माधव मारायचा, ढकलायचा आणि मुख्य म्हणजे चावायचा. मी म्हणायचो, हे सगळं मोबाइलवरच्या कार्टूनमुळे. नानांना ते पटत नसे. "एका काडीचे दोन डोळे, भाऊ. पानी एक, माती एक. मंग एक गोड अन् एक काटेरी काहून?" या कोड्यापायी त्यांचा धंदा बसायची वेळ आली. कलमं घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला ते आधी माझे नातू दाखवत. गिऱ्हाईक पाच मिनिटं ऐकायचं आणि शेजारच्या नर्सरीत जायचं.

मग बालवाडीतून बोलावणं आलं. माधवने एका मुलीच्या दंडाला चावा घेतला होता. बाई म्हणाल्या, दोघांना काही दिवस वेगळं ठेवून पाहा. वैशालीचा अकोल्याचा भाऊ, म्हणजे पोरांचा मामा, लगेच म्हणाला, "माधवला माझ्याकडे दे. वर्ष-दोन वर्षं राहील, शांत होईल." माणूस मनाचा मोठा, घरात कशाची कमी नाही. वैशाली रडली, पण हो म्हणाली. मीही मान डोलावली. येत्या रविवारी मामा माधवला न्यायला येणार असं ठरलं.

हे मी नानांना सांगितलं. त्यांनी नळी उचलली आणि नुकत्याच भिजवलेल्या वाफ्यांना पुन्हा पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ते दोन पट्ट्या घेऊन हजर. एक लाल, एक हिरवी. "नर्सरीत आमी असंच करतो. कोनतं कोनतं ते समजलं पाह्यजे. पोट्टा जायच्या आंधी मले एकदा नीट पाहू द्या." वैशालीने गाडीच्या घाईत माधवच्या मनगटाला लाल आणि राघवच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली आणि पळाली.

सकाळचं खाणं उरकून, बालवाडी बुडवून, मी पोरांना नानांच्या नर्सरीत नेलं. नाना उलट्या क्रेटवर बसून पहारा देऊ लागले. "ए लाल, हात खाली!" "लाल, मांगं सर!" लालने अजून काही केलेलंही नव्हतं. तो कलमांजवळ गेला की मी ओरडायचो, "माधव, खबरदार!" हिरव्याला पेरू मिळाला, झारी मिळाली, शाबासकी मिळाली. तो शहाण्यासारखा रोपांना पाणी घालत होता. दुपारपर्यंत लालने मातीची ढेकळं फेकायला सुरुवात केली. संध्याकाळी नाना त्याला हाताला धरून बाजूला करायला गेले आणि त्याने त्यांचा अंगठा कडकडून चावला.

नानांना काय आनंद झाला! "पाहा भाऊ! खुंट! खुंटच हाय हा!" अंगठ्यातून रक्त येतंय आणि हा माणूस नर्सरीभर नाचतोय.

तेवढ्यात वैशाली आली. लालचं रडवेलं तोंड पदराने पुसता पुसता थबकली. "बाबा, हा तर राघव आहे."

माधवला हिरवा रंग हवा होता. सकाळी खाताना दोघांनी आपसात पट्ट्या बदलून घेतल्या होत्या, आणि दिवसभर आम्ही दोन म्हातारे गरीब राघवला माधव समजून हाकलत होतो. ज्याने आजवर मुंगी मारली नव्हती त्याला आम्ही एका दिवसात चावरा केला. आणि पाणी घालणारा तो शहाणा पोरगा, तो माधव.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना क्रेटवर बसले. अंगठ्याचं रक्त सदऱ्याला पुसलं. मग म्हणाले, "बाई, मी लाल पट्टीचा व्हतो."

आम्हाला काही कळेना.

"आमी बी जुळेच. मी अन् तुळशा. मी चावे, मारे. बापानं मले मामाकडे धाडलं, अकोल्याले. मामा लय चांगला, बाई. जीव लावला त्यानं. खोटं काहून बोलू? चावनं बी सुटलं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुळशीराम बडनेऱ्यातच रायते. मी गेलो का 'या, बसा' म्हनते मले. कपबशीत चहा देते. निघालो का फाटकापर्यंत पोचवाले येते. जुळा भाऊ हाय माहा, अन् मले पाव्हना समजते."

शेजारी इतकी वर्षं राहून मला या माणसाला भाऊ आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. वैशालीने डोळे पुसले, नानांच्या अंगठ्याला हळद लावली आणि तिथेच उभ्या उभ्या अकोल्याला फोन लावला. "दादा, रविवारी ये. पण नुसता जेवायला ये. माधव इथेच राहील."

पट्ट्या मी चुलीत घातल्या. माधव एकदम साधू झाला असं नाही. पण आम्ही आधीच ओरडणं सोडलं आणि त्याच्या हातात झारी दिली, तेव्हापासून चावे कमी झाले आहेत. राघव मात्र आता अधूनमधून एखादी ठेवून देतो, आणि मला ते बरंच वाटतं.

गेल्या रविवारी नाना पोरांना घेऊन तुळशीरामांकडे बडनेऱ्याला गेले. एकालाच न्या, दोघं आवरायचे नाहीत, असं मी म्हणालो, तर म्हणाले, "दोघं सोबतच." संध्याकाळी परत आले ते सदऱ्याचा खिसा फाटलेला, टोपी गायब.

"काय झालं हो नाना?"

"त्याइच्या दिवानावर कुस्ती खेलली दोघांनी. बशी फुटली."

"तुळशीराम चिडले असतील."

"लय! जंभेरी फुटली, भाऊ, खालून वरपर्यंत!" नाना कुंपणाला धरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "वरडला माह्यावर, 'अबे शालक्या, पाहत काय राह्यला, धर ना त्याले!' शालक्या म्हनला मले. पोट्टा व्हतो तवा म्हने, तसं."

मग फाटक्या खिशावर हात ठेवून हळूच म्हणाले, "अन् निघताना फाटकापर्यंत पोचवाले बी नाई आला."