आप्पांच्या हाताला सूर लागेना

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. कारण त्या दिवशी खोबरेल तेल लावा म्हणून सांगणारा शहाणा मीच.

आदर्श माझा मित्र, बेळगुंदीचा. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यानं एक डबा केला. डब्यातून दोन वायरी बाहेर, त्यांच्या टोकाला स्टीलच्या दोन वाट्या. एकानं एक वाटी धरायची, दुसऱ्यानं दुसरी, आणि मोकळ्या हातांनी एकमेकांना शिवायचं. शिवलं की डब्यातून पेटीसारखा सूर. हलकं शिवलं तर खालचा, घट्ट धरलं तर वरचा. हात सोडला की गप्प. आत साधे सेल, त्यामुळं शॉकबिक काही नाही.

हा डबा घेऊन गुरुवारी बेंगळूरच्या एका कलाकेंद्रात ये, सहा महिने राहा, शिक, असं आदर्शला पत्र आलं होतं. इकडं त्याच्या वडिलांनी, म्हणजे भरमूआप्पांनी, सोमवारपासून त्याला फौंड्रीत चिकटवायचं ठरवलेलं. आठवडाभर घरात कोण कुणाशी धड बोलत नव्हतं. शेवटी रविवारी दुपारी आप्पांनीच तोडगा काढला. डबा त्यांच्या हातात वाजला तर बेंगळूर, नाही वाजला तर फौंड्री.

आदर्श एवढा खूश झाला की शेजारच्या भावकूकाकांनाही त्यानं साक्षीला बोलावलं. आधी त्याची बहीण रचना आणि आई मालुबाई. मालुबाई भांडी घासून उठलेल्या, हात ओला. रचनानं धरल्याबरोबर डबा असा काही ओरडला की मालुबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

मग आप्पा. मांडी घालून बसले, वाटी धरली, आदर्शचा हात हातात घेतला. डबा गप्प. आदर्शनं आणखी दाबून धरला. तरी गप्प.

भावकूकाका जवळ सरकले. "भरमू, जित्ता हाईस न्हवं?"

आदर्श घाईघाईनं सेल बदलायला आत पळाला. मी म्हटलं, आपण समजावून सांगावं. रताळी काढून काढून आप्पांच्या हाताला घट्टे पडलेत, चामडं कोरडं, त्यातून करंट जाईना. आप्पांना पटलं. मोरीत जाऊन त्यांनी साबणानं हात धुतले, आणि टॉवेलनं पुसून पुसून परत होते तसे कोरडे करून आणले. तेव्हा मी तेल सुचवलं. मऊ पडेल म्हटलं. मालुबाईंनी अर्धी बाटली ओतली.

आदर्श बाहेर आला, आप्पांचे चकाकणारे हात बघितले आणि मटकन खाली बसला.

"तेलातनं करंट जात न्हाय रं, ओम्या."

मग ते तेल काढायला राख आली. राखेनं घासून आप्पांचा हात पहिल्यापेक्षा खरखरीत झाला. भावकूकाकांनी स्वतःचा हात लावून बघितला, तोही मुका. शेवटी आप्पांची वाटी माझ्याकडं देऊन आदर्शनं माझा हात धरला. मी बेळगावात ऑफिसात बसून टायपिंग करतो. डबा एवढा मोठ्यानं वाजला की गोठ्यातली म्हस उठून उभी राहिली.

आप्पांनी माझा पंजा उलटासुलटा करून बघितला. लोणी बघावं तसा.

"म्हंजे काम न करणाऱ्याचंच वाजतंय व्हय ह्ये," ते म्हणाले. "शेतकऱ्याचा हात वळकंना, त्यो डबा घिऊन कुटं जातोस? उद्या फौंड्री."

आदर्शनं आपली वाटी खाली ठेवली. त्याचं तोंड बघवेना.

तेलाचे हात धुऊन मालुबाई पसारा आवरायला आल्या. सवयीनं त्यांनी पहिल्यांदा ती वाटीच उचलली. आप्पांची वाटी मी परत त्यांच्या मांडीत ठेवलेली, उघड्या पोटरीला टेकून. वैतागून त्यांनी मघाशी तेलकट हात कपाळावरून फिरवला होता, आणि आता तेलाचा ओघळ भुवईपर्यंत आलेला.

"आवं, डोळ्यात जाईल की," असं म्हणत मालुबाईंनी ओल्या बोटांनी तो निपटला.

डबा गायला लागला.

कपाळावरून बोटं भुवईवर आली तसा सूर खाली आला, गालावर टेकली तसा वर चढला. आम्ही सगळे थिजून बसलो. काय चाललंय हे मालुबाईंच्या ध्यानात आलं आणि चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागं घेतला. जत्रेतसुद्धा नवऱ्याच्या चार पावलं मागं चालणारी बाई ती. तीस वर्षांत चारचौघांत तिनं आप्पांना कधी बोट लावलं नव्हतं.

आप्पा दाराकडं बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "ह्या बाजूला बी हाय बघ थोडं तेल."

त्या बाजूला तेल नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं.

रचना शहाणी. काकांना म्हस दाखवायला गोठ्यात घेऊन गेली. आप्पांनी आदर्शला बेंगळूरला जायची परवानगी दिली. आणि डबा उचलून आपल्या मांडीशी ओढला.

"ह्यो मातर हितंच ऱ्हाऊ दे."

आदर्शनं मला अंगणात ओढलं. त्या लोकांनी डबा घेऊन ये म्हणून सांगितलंय, डब्याशिवाय जाऊन काय करू, म्हणत होता. एवढ्यात आतून सूर आला. आधी खालचा, घाबरत घाबरत. मग हळूहळू वर. आदर्श तडक आत निघाला, मी त्याचा शर्ट धरला.

"आत जाऊ नको, आद्या," मी म्हटलं. "उद्यापासनं बुधवारपतोर रजा टाकतो. दोघं बसून दुसरा करू. शब्द देतो."