निकम अण्णा, लेव्हल चार

निकम अण्णा माझ्या पिठाच्या गिरणीवर येतात तेव्हा दळणाचा डबा खाली ठेवून टाचा जुळवतात आणि छातीतून आवाज काढतात, "मॅडम, रिक्वेस्ट परमिशन टू ग्राइंड फाइव्ह के.जी. ज्वारी." परवानगी मिळेपर्यंत डब्याला हात लावत नाहीत. पहिल्या पहिल्यांदा मला हसू यायचं. आता मी "ग्रँटेड" म्हणते आणि डबा ओढून घेते. मागे बायकांची रांग असते, आणि ग्रँटेड म्हटलं नाही तर अण्णा पुन्हा टाचा जुळवण्यापासून सुरू करतात.

अण्णा मूळचे मेढ्याकडचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात आमच्या कॉलनीत घर बांधलं. बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगाही फौजेत, तो वर्षातून एकदा सुट्टीवर येतो. बाकी वेळ घरात अण्णा आणि इंग्रजी.

हे इंग्रजीचं वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही ज्वारीच्या पाठोपाठ गहू दळायचे का, या विषयावर बोलताना मध्येच. नायब सुभेदार व्हायला एक परीक्षा लागायची. त्यात इंग्रजीचा पेपर. अण्णा दर वेळी तिथेच आडवे. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं सुभेदार झाली आणि अण्णा हवालदारच राहिले. "गोळी चुकवली वैनी, पण त्यो पेपर काय चुकला न्हाई," म्हणाले, आणि गव्हाकडे वळले.

तेव्हा आता, साठी उलटल्यावर, ते त्या पेपराचा सूड घेत आहेत.

रोज सकाळी कॉलनीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. रखवालदार ठेवायला सोसायटीकडे पैसे नाहीत, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही. फौजेत पहाऱ्यावर रोजचा एक परवलीचा शब्द असतो म्हणे. अण्णांनी तोच नेम इथे लावला. आजचा इंग्रजी शब्द फाटकावर खडूने लिहिलेला असतो, आत येणाऱ्याने तो म्हणायचा आणि मग आत यायचं. दूधवाला बाबू परवा "रिलक्टंट" म्हणत आत आला. त्याने अण्णांना विचारलं, की शब्दाचा अर्थ काय. अण्णा म्हणाले, "मनात नसताना येणारा." बाबू म्हणाला, "मग बरोबर हाय. उद्या बी ह्योच ठिवा."

व्याकरणाशी अण्णांचं भांडण चालू असतं. 'पूल बांधला गेला', 'पत्र लिहिलं गेलं' अशी वाक्यं त्यांना मुळीच खपत नाहीत. कुणी बांधला? कुणी लिहिलं? रिपोर्टात नाव पाहिजे. नाव नसलेलं वाक्य म्हणजे काहीतरी दडपायचा प्रकार आहे, असं त्यांचं ठाम मत. उताऱ्यावरचे प्रश्न तर विचारू नका. एका उताऱ्यात टॉम नावाचा मुलगा पाऊस असताना बागेत जातो. टॉम बागेत का गेला, असा खाली प्रश्न. अण्णांनी मला येऊन विचारलं, "त्यानं रजा मंजूर करून घेतलीती का, ते कुठंच लिवलं न्हाई. उत्तर काय द्यायचं?"

मोबाइलवरचं इंग्रजी शिकायचं ॲप माझ्या मुलीने त्यांना घालून दिलं आणि ती पुण्याला निघून गेली. निस्तरायला मी. अण्णांच्या घरात नेटवर्क नाही, माझ्या गिरणीत वायफाय आहे. म्हणून चार वाजता ते येतात, कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांवर बसतात आणि अभ्यास करतात. गिरण धडधडत असते. मी म्हटलं, अण्णा, या आवाजात तुम्हाला काय ऐकू येणार. तर म्हणाले, "शांततेत कुनीबी ऐकंल. फायरिंग चालू असताना ऐकायला यायला पायजे."

या ॲपची पद्धत अशी, की एकाच पायरीवरच्या दोघांची जोडी लावतात. एकमेकांशी रोज इंग्रजीत बोलायचं, फक्त आवाज, चेहरा नाही. अण्णा चौथ्या पायरीवर पोचले तेव्हा त्यांना जोडीदार मिळाली. तैवानमधली बारावीच्या वयाची मुलगी, घरची भाषा चिनी, नाव चेरी.

अण्णांनी फोन पोत्यावर उलटा ठेवला आणि माझ्याकडे आले.

"चिनी हाय."

मी म्हटलं, तैवानची आहे, नुसती चिनी बोलते.

"चिनी बोलती म्हंजे चिनीच की."

"कोल्हापुरात मराठी बोलतात म्हणून कोल्हापूर साताऱ्यात आलं का?"

हे त्यांना थोडं पटलं. पण नावाचं काही पटेना. चेरी हे फळ आहे, माणसाचं नाव नाही, म्हणजे सांकेतिक नाव असणार. तिकडची मुलं शाळेत इंग्रजीसाठी वेगळं नाव घेतात हे मी वाचून दाखवलं, तरी अण्णा बर्फातल्या चौक्यांवर पहारे दिलेला माणूस. त्यांनी स्वतःचंही सांकेतिक नाव घेतलं. घर नंबर डी चार, म्हणून डेल्टा फोर. पहिल्या दिवशी त्या मुलीने बिचारीने पुस्तकातला पहिला प्रश्न विचारला, तुमच्याकडे हवा कशी आहे. अण्णा म्हणाले, "दॅट इन्फर्मेशन इज नॉट फॉर शेअरिंग." मुलगी "सॉरी" म्हणाली.

पुढे कळलं, की ती मुळात येस आणि सॉरी याच्या पलीकडे कुणाशीच बोलत नाही. वाचायला येतं, लिहायला येतं, शब्द अण्णांपेक्षा दुप्पट माहीत, पण समोर मोठं माणूस असलं की तिचा गळा मिटतो. आणि तिला कॉलेजच्या प्रवेशासाठी तोंडी परीक्षा द्यायची. समोर तीन प्राध्यापक बसणार आणि इंग्रजीत विचारणार. मागच्या वर्षी तिची बहीण तिथे नुसती रडून परत आली होती. हे सगळं तिने ॲपवर लिहून कळवलं. बोलून नाही.

अण्णांनी यावर फौजी इलाज केला. दुसऱ्या दिवशी ते इतक्या जोरात "स्पीक अप, जवान" म्हणाले, की रांगेतल्या एका बाईच्या हातून पिशवी पडली. मुलीने फोन ठेवला.

अण्णा त्या दिवशी डबा विसरून घरी गेले. पुढच्या दिवशी पोत्यावर बसून बराच वेळ फोनकडे बघत राहिले. ती आली तेव्हा त्यांनी काही विचारलंच नाही. हळू आवाजात आपला रिपोर्ट दिला. डेल्टा फोर, पिठाच्या गिरणीत बसला आहे. समोर पाच बायका. एकीचा डबा मोठा आहे, ती नंबर मोडायच्या बेतात आहे. वर पाल आहे, पाल वाट बघते आहे. ओव्हर.

पलीकडून एक बारीक आवाज आला. चेरी, शिकवणीच्या वर्गाबाहेर पायऱ्यांवर बसली आहे. समोर स्कूटर, लय स्कूटर. हातात डबा आहे, भात आणि अंडं. ओव्हर.

लय हा शब्द अण्णांचा, तिने दुसरा काहीतरी वापरला होता. पण त्यांनी मला असंच सांगितलं.

तिथून त्यांची गाडी रुळावर आली. चौकीवरचा जवान जसं जे दिसतं ते सांगतो, तसं सांगायचं. चांगलं, वाईट, बरोबर, चूक नंतर. आधी जेवलीस का, हे विचारायचं. ॲप दर वेळी खाली लाल अक्षरात लिहायचं, की संभाषणाची ही सुरुवात नैसर्गिक नाही. दोघंही ॲपला जुमानत नव्हते. तिच्याकडेही म्हणे भेटलं की आधी जेवणाचंच विचारतात. हे कळल्यावर अण्णांनी हवामान जाहीर करून टाकलं, आणि महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी होते हेही.

काही महिन्यांत मुलगी बोलायला लागली. फक्त एक घोटाळा झाला. शाळेत बाईंनी तिला काहीतरी विचारलं तर ती उभी राहून म्हणाली, मॅडम, बेग टू रिपोर्ट, उत्तर येत नाही, पुढील आदेशाची वाट बघत आहे. बाईंनी विचारलं, हे इंग्रजी कुठून आणलंस. तिने हा किस्सा इतकं हसत सांगितला, की गिरणीच्या आवाजातही मला ऐकू आलं. अण्णांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसेना. "बरोबरच हाय की. येत न्हाई तर येत न्हाई म्हनावं. लपवायचं कशापायी?"

आता मुख्य गोष्ट. अण्णांची पाचव्या पायरीची परीक्षा लागली. पाचवी पायरी पार केली की ॲपवाले नावानिशी प्रमाणपत्र देतात. अण्णांनी घरात बायकोच्या फोटोशेजारी खिळा ठोकून ठेवला. फ्रेम आणून ठेवली. फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, की रविवारी कॉलनीला कंदी पेढे. बाबू म्हणाला, म्या चहात साखर घालायची बंद केली, जागा ठिवलीया.

परीक्षेच्या आधी ॲपवर सूचना आली. अक्षर बारीक होतं म्हणून अण्णांनी फोन माझ्याकडे दिला. पास झाल्यास आपल्याला पाचव्या पायरीवरचा नवा जोडीदार मिळेल, सध्याची जोडी त्याच दिवशी संपेल. अण्णा म्हणाले, परत वाचा. मी परत वाचलं.

मी म्हटलं, फोन नंबर घ्या की तिचा. तर म्हणाले, मुलगी अठराच्या आतली आहे, नंबर देण्याघेण्याला ॲपवर मनाई आहे, नियम म्हणजे नियम. तिची तोंडी परीक्षा कधी? पुढच्या महिन्यात. मग अण्णांची परीक्षा महिनाभर पुढे ढकलता येते का ते बघितलं, ते येत नव्हतं. आत्ता दिली नाही तरी नापासच धरणार आणि पुन्हा बसायला सहा महिने थांबावं लागणार. मी त्यांना सरळ सांगितलं, अण्णा, तुम्ही आयुष्यभर या एका कागदासाठी तडफडलात, ती पोरगी नव्या जोडीदाराशी बोलेल की. अण्णा म्हणाले, "व्हय. बोलंल." आणि डबा उचलून गेले. परवानगी मागितली नाही.

शनिवारी दुपारी गिरण बंद असते तेव्हा ते परीक्षेला बसले. मी पट्टा साफ करत होते. माझं इंग्रजी बी.कॉम.पुरतं, पण पडद्यावरचं दिसत होतं. अण्णा प्रश्न मोठ्याने वाचायचे, उत्तरही पुटपुटायचे, आणि बोट दुसऱ्याच उत्तरावर ठेवायचे. मला वाटलं चष्मा. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही 'ब' म्हणालात आणि 'ड' दाबलंत.

"वैनी, तुमी पट्टा बगा."

मी पट्टा बघितला. पुढच्या प्रश्नालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. उतारा आला तेव्हा तर त्यांनी वाचलासुद्धा नाही, नुसतं दाबत गेले, जसं कुणी कडू औषध नाक दाबून घेतं. शेवटी पडद्यावर आलं, आपण उत्तीर्ण झाला नाहीत, चौथ्या पायरीवर सराव चालू ठेवा. अण्णांनी फोन खिशात घातला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "अवघड काडला हुता पेपर."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

रविवारी पेढे आले नाहीत. फाटकावर जो तो विचारत होता. अण्णा प्रत्येकाला एकच शब्द सांगत होते, फेल. आडपडदा नाही, कारण नाही. बाबूने कॅन टेकवून विचारलं, "अण्णा, मग आमच्याकडनं रोज तोंड वाकडं करून घेतलं ते कशाला? तुमालाच येत न्हाई तर." चारदोन माणसं हसली. एरवी अण्णांनी त्याला शब्दाचा अर्थ, उगम आणि वाक्यात उपयोग विचारून सोडला असता. त्या दिवशी फाटक उघडून बाजूला उभे राहिले. मला बाबूला दोन शब्द सुनावायचे होते, पण ते गुपित माझं नव्हतं.

सोमवारी चार वाजता अण्णा येऊन पोत्यांवर बसले. मी गिरण सुरूच करणार होते, रांग लागली होती, बाबूही घरचं दळण घेऊन रांगेत होता. तेवढ्यात चेरीचा आवाज आला. जेवलात का, आणि लगेच, पास झालात का?

अण्णा ताठ बसले. "नेगेटिव्ह. डेल्टा फोर फेल्ड."

मला वाटलं, संपलं, आता ही सॉरी म्हणेल आणि पुन्हा मिटेल.

ती म्हणाली, "डोन्ट वरी, मिस्टर डेल्टा. आय टीच यू."

आणि बोलायला लागली. काय चुकलं असेल ते आपण शोधू. नाव नसलेल्या वाक्यांचा तुम्हाला राग येतो, मला ठाऊक आहे, पण कधी कधी कुणी केलं ते खरंच माहीत नसतं, म्हणून तशी वाक्यं असतात, रागावू नका. ते कसं बनवायचं ते ती सांगू लागली. उदाहरणं दिली. अण्णांना कळलं का हे विचारलं, आणि ते गप्प राहिल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, दटावून, थोडं ओरडूनसुद्धा. एकदाही अडखळली नाही. मागे तिच्या स्कूटर वाजत होत्या आणि ती त्यांच्या वरच्या पट्टीत बोलत होती.

अण्णा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून ऐकत होते. मधूनमधून म्हणत होते, "येस मॅडम. येस मॅडम."

रांगेतल्या बायका चुळबुळ करायला लागल्या. एकीने विचारलं, गिरण का चालू करत नाही. मी सांगितलं, लाइट गेली आहे.

बाबूने वर बघितलं. डोक्यावर दिवा चांगला पेटलेला होता. त्याने दिव्याकडे बघितलं, मग पोत्यांकडे बघितलं, आणि आपल्या डब्यावर गुपचूप बसून राहिला.