चार इंचांचा वॉल्ट्झ

काउंटीच्या रस्ते विभागात एकतीस वर्षं खड्ड्यांची खोली मोजून ऑर्विल टिलमन निवृत्त झाला आणि पंधरा दिवसांत त्याच्या लक्षात आलं, की आपण निःशस्त्र आहोत. आमच्या टेक्सासमधल्या या गावात शेवटचा गंभीर गुन्हा अकरा वर्षांपूर्वी घडला. चर्चच्या स्वयंपाकघरातून कुणीतरी 'पीच पाय' या मिष्टान्नाचं अख्खं ताट लांबवलं. तो तपास अजून चालू आहे, म्हणजेच गुन्हेगार मोकाट आहे, असा ऑर्विलचा मुद्दा होता.

रिव्हॉल्व्हर घ्यायचं हे ठरायला चार मिनिटं लागली. रोज कमरेला बाळगायला नळी किती इंची हवी, हे ठरायला सव्वा वर्ष लागलं.

"दोन इंची खिशात मावते," बंदुकीच्या दुकानाचा मालक हॉलिस म्हणाला. "नेम म्हणशील तर समोरची भिंत नक्की लागेल."

"आणि चार इंची?"

"नेम झकास. फक्त बसायचं नाही."

"मग तीन?"

"तीन शहाण्या माणसाची. तिच्यात दोन्हीकडचे तोटे आहेत, पण थोडे थोडे."

ऑर्विलने तिन्ही घरी आणल्या आणि खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे चाचण्या सुरू केल्या. बुटाची नाडी बांधणे, ट्रकमध्ये चढणे, चर्चच्या बाकावर प्रवचन संपेपर्यंत टिकणे. बायको लव्हॉन हिला निरीक्षक नेमलं, मताधिकार न देता. दोन इंची वीस फुटांवरच्या कलिंगडाला धक्का लावू शकली नाही. तीन इंचीबद्दल शेरा पडला, 'निर्णायक नाही'. चार इंची सर्वार्थाने योग्य ठरली. अट एकच, 'धारकाने बसू नये'.

म्हणून ऑर्विल उभा राहू लागला. प्रवचनात तासभर उभा राहिलेला पाहून पाद्रीबाबांना भरून आलं आणि त्यांनी त्याला चर्चच्या कार्यकारिणीवर घेतलं. बैठकीतही तो उभाच. शर्टातून फुगवटा दिसतो म्हणून ऑगस्टच्या भर उन्हाळ्यात त्याने जाड जाकीट चढवलं. त्यामुळे जाकिटाखाली काय आहे ते गावातल्या कुत्र्यांनाही कळलं.

"शनिवारी लग्नाला चाळीस वर्षं होतात," एकदा लव्हॉन जांभळ्या झग्याला टीप घालता घालता म्हणाली. "फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये बँड सांगितलाय. वॉल्ट्झ नाचायचं कबूल केलंयस हं. आपल्या लग्नात नाचला होतास तसं, जवळ घेऊन."

"जवळ घेतलं की नळी मांडीत घुसते गं."

"मग ठेव ना घरी एक दिवस!"

"घरी ठेवली तर रोज बाळगतो असं कसं म्हणता येईल? सव्वा वर्षाचा अहवाल पाण्यात जाईल."

लव्हॉनने दाताने दोरा तोडला.

शनिवारी बँडने वॉल्ट्झ धरला. ऑर्विलने नियमानुसार दीड फुटांचं अंतर राखून तिचा हात धरला. तीन पावलं झाली आणि लव्हॉन थांबली.

"ऑर्विल, चाळीस वर्षांत आपल्यामध्ये कुणी आलं नव्हतं रे," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

हॉलिसने अदबीने विचारलं आणि ती त्याच्याबरोबर नाचू लागली, अगदी जवळ. ऑर्विल भिंतीला टेकून उभा राहिला. बसून डोळे पुसावेत म्हटलं तर तीही सोय नव्हती.

गाणं संपल्यावर त्याने हॉलिसला गाठलं. "तू रे किती इंची बाळगतोस?"

"मी? छे रे! कंबर दुखते लेका. दुकानातच ठेवून येतो."

आम्ही गावातले सात जण हे पाहत होतो, सातही जण जाकिटात. जा, तिला परत घेऊन ये, असं एकानेही ऑर्विलला सांगितलं नाही. आपापल्या बायकांना टेबलांपाशी सोडून आम्ही त्याच्याभोवती जमलो. 'तीनच घ्यायला हवी होती,' असं मी ठासून म्हणालो आणि तो वाद बँडवाले सामान आवरेपर्यंत रंगला.

हसा खुशाल. पण वर न बघता सांगा, लव्हॉनचा झगा कोणत्या रंगाचा होता? आम्हा सातांपैकी एकालाही आठवलं नाही, हे सांगण्याआधी मला लव्हॉनलाच विचारावं लागलं. इंच मात्र सगळ्यांना तोंडपाठ होते, तुम्हालाही असतील.