घोंगडं, जर्किन आणि इडलीचं पीठ

“हे घोंगडं रविवारच्या आत घरातनं गेलं पायजे,” शिवराजनं जाहीर केलं. नवं जर्किन घातलेला माणूस जरा जास्तच जाहीर करतो.

शिवराज बेळगुंदीहून रोज सकाळी मोटारसायकलनं उद्यमबागेतल्या फाउंड्रीत जात असे. दिवसभर वितळलेल्या लोखंडापाशी उभा राहणारा हा माणूस जाता-येता मात्र काकडून जाई. म्हणून त्यानं बेळगावात जर्किन घेतलं. दुकानदार फक्त “गाळी वळग होगंगिल्ल री,” म्हणजे वारं आत शिरत नाही, एवढंच म्हणाला होता. घरी पोचेपर्यंत शिवराजकडं पॉलिएस्टरवरचं आख्खं व्याख्यान तयार झालं होतं.

घोंगडं त्याच्या वडिलांचं, परशरामआप्पांचं. अस्सल लोकरीचं. ज्या मेंढरांची ती लोकर, ती कधीच वारली होती. त्यांचा वास मात्र अजून घरात नांदत होता. आणि रविवारी शिवराजचे सासरे भरमूमामा निपाणीहून येणार होते.

“सासऱ्याच्या नाकासाठी बापाला उघडा पाडतोस व्हय रं?”

“उघडं कशाला? पॉलिस्टरची ब्लँकेट घेऊन देतो. ऊब जास्त, वजन न्हाय, वास न्हाय, वारं शिरत न्हाय.”

“वारं प्लास्टिकच्या पिशवीत बी शिरत न्हाय. पिशवीच घाल की अंगात.”

“आन् तुमचं मेंढरू लई हुशार!”

“मेंढरू काकडताना बघितलंस कधी?”

मेंढराकडं शिवराजनं त्या नजरेनं कधी बघितलंच नव्हतं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत हेच चाललं. शिवराजची बायको रूपाली तेव्हा इडलीचं पीठ वाटून बसली होती. थंडीत पीठ फुगत नव्हतं, आणि स्वतःच्या वडिलांना दगडी इडल्या वाढायची तिची तयारी नव्हती.

“माझं पीठ ठरवंल,” ती म्हणाली. “दोन पातेल्यांत सारखं घालते. एक घोंगड्यात, एक जर्किनात. सकाळी जास्त फुगंल त्याची ऊब खरी.”

“हारंल ते घराबाहेर,” शिवराज म्हणाला.

“गोठ्यात,” आप्पांनी दुरुस्ती केली.

आप्पांनी आपलं पातेलं मायेनं गुंडाळलं. शिवराजनं आपलं जर्किनात बसवलं, चेन वर ओढली, टोपीची नाडी आवळली आणि दोन्ही बाह्यांची पुढं गाठ मारली. ते पातेलं हाताची घडी घालून कोपऱ्यात रुसून बसल्यासारखं दिसू लागलं.

सकाळी आधी घोंगडं सोडलं. पीठ छान फुगून काठाशी थांबलं होतं. मग सगळे जर्किनाकडं वळले. त्याला पोट सुटलं होतं. शिवराजनं चेन खाली ओढली आणि पीठच बाहेर आलं. झाकण टोपीत सापडलं. एक बाही गाठीपर्यंत भरली होती. जे कापड वारं आत घेत नाही, ते पीठही बाहेर सोडत नाही.

“जिंकलो!” कोपरापर्यंत पिठात बुडालेला शिवराज ओरडला.

“माझं काठावर थांबलं. शिस्तीचं हाय,” आप्पा म्हणाले.

“ठरलं काय हुतं? जास्त फुगंल ते!”

रूपालीनं शिवराजच्या बाजूनं निकाल दिला आणि पळी घेऊन बाहीतलं पीठ काढायला बसली. “माझ्या वडलांना सांगशिला तर बघा,” तिनं दोघांनाही बजावलं. मग जर्किन धुऊन दोरीवर गेलं, घोंगडं गोठ्यात गेलं, आणि घोंगड्यामागोमाग आप्पाही.

भरमूमामा खिडकीची काच न लागणाऱ्या बसमधून आले. इडल्या “कापसागत झाल्यात” म्हणून भरपूर खाल्ल्या, पण कुडकुडणं काही थांबेना. एक चादर दिली, दुसरी दिली, तरी दातांचा आवाज येतच होता. रूपालीनं नवऱ्याकडं बघितलं, मग गोठ्याकडं. शिवराज उठला.

“आप्पा, घोंगडं द्या जरा.”

“हारलंय ते.”

“मामा काकडाय लागल्यात.”

“मग पॉलिस्टर दे की.”

“ओलं हाय.”

“लोकर ऊब देती का न्हाय, तेवढं सांग.”

“देती.”

“ऐकाय न्हाय आलं.”

“देती!” शिवराज ओरडला. म्हैस दचकली.

मामांनी घोंगडं अंगावर घेतलं. आख्खं आयुष्य तंबाखूच्या वखारीत काढलेल्या त्यांच्या नाकानं काहीच तक्रार केली नाही. ते संध्याकाळपर्यंत घोरले, उठले आणि म्हणाले, “पाव्हणं, असलं आता मिळत न्हाय बघा. ह्ये मी घेऊन जातो.”

व्याह्यांना नाही म्हणायची आप्पांना सोय नव्हती. घोंगडं निपाणीच्या बसमध्ये चढलं. शिवराजला काय वाटावं ते कळेना. त्याच्या मनासारखंच झालं होतं.

सोमवारी सकाळी तो जर्किन शोधू लागला. दोरी रिकामी होती. आप्पा कट्ट्यावर बसले होते, जर्किनात. त्याला अजून आंबूस वास येत होता. मेंढराच्या वासावर पोसलेल्या आप्पांना तो अत्तरासारखा वाटत असावा.

“आप्पा, मला कामावर जायचंय.”

“जा की.”

“जर्किन?”

“माझं पांघरूण तुझ्या सासऱ्यानं नेलं. मी काय आता म्हशीला मिठी मारून बसू?”

“बरोबर हाय त्यांचं,” रूपाली आतून म्हणाली.

शिवराजनं कालचा पेपर शर्टाच्या आत छातीवर पसरला, बटणं लावली आणि किक मारली.

“शिवराज,” आप्पांनी मायेनं हाक मारली, “एखादं घोंगडं बघ रं बाबा. लोकरीसारखी ऊब न्हाय.”

आणि त्यांनी चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.